ओळखीचे शब्दच जास्त फसवतात

रविवार, रात्री

जीआरईसाठी, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेसाठी, हजार शब्द पाठ झाले की वर्बलची (इंग्रजी भाषेच्या विभागाची) काळजी मिटली, असं बहुतेकांना वाटतं. मला ते पटत नाही. २०११ साली परीक्षा बदलली, विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॅलॉजीचे (शब्दजोड्यांतलं नातं ओळखायचे) प्रश्न गेले. तेव्हापासून सुट्या शब्दाचा सुटा अर्थ कुणी विचारत नाही, तो वाक्यात बसवावा लागतो.

वर्बलमधल्या सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रश्नप्रकाराचंच बघा. एक रिकामी जागा, सहा पर्याय, निवडायचे दोन, वाक्याला एकच अर्थ देणारे. दोन्ही बरोबर आले तरच गुण. पर्यायांत बऱ्याचदा वाक्यात न बसणारी एखादी समानार्थी जोडी असते, किंवा चपखल बसणारा पण जोडीदार नसलेला एखादा शब्द. नुसती यादी घोकलेली असली की जोडी दिसताच हात तिकडे जातो. म्हणून आधी पर्यायांकडे बघूच नये. रिकाम्या जागेत आपला साधा शब्द घालावा, मराठी असला तरी चालेल, आणि मग पर्याय वाचावेत. सप्टेंबर २०२३ पासून वर्बलला ४१ मिनिटांत २७ प्रश्न आहेत. उताऱ्यांना वेळ हवा असेल तर हे प्रश्न मिनिटभरात उरकायला हवेत.

खरा धोका अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्यांचा. सँक्शन म्हटलं की आपल्याला मंजूर झालेलं कर्ज आठवतं, पण निर्बंध हाही त्याचाच अर्थ. क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणं, एवढंच डोक्यात असतं. 'शी क्वालिफाइड हर प्रेज' या वाक्यात मात्र तिने कौतुक केलंय, पण हातचं राखून. एनर्व्हेटमध्ये एनर्जी ऐकू येते, अर्थ आहे शक्ती काढून घेणं. रेस्टिव्ह माणूस निवांत नसतो, तो आवरेनासा झालेला असतो. अशा शब्दांची वेगळी वही कराच.

शब्द पाठ करायला फ्लॅशकार्डं करत असाल तर कार्डावर पुढे नुसता शब्द लिहू नका. पूर्ण वाक्य लिहा, शब्दाखाली रेघ मारा. मागे अर्थ आणि त्याची छटा, म्हणजे स्तुती आहे की टीका. छटा चुकली तर अर्थ पाठ असूनही उत्तर चुकतं.

अँकी या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपवर रोज २० नवी कार्डं घेतली तर काही आठवड्यांत रोजची उजळणी दीड-दोनशेच्या घरात जाते. दोन दिवस खाडा झाला की डोंगर साचतो आणि कित्येक जण तिथेच सोडून देतात. नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्यांना १० पुरेत. साचलंच तर नवे शब्द बंद ठेवून आधी जुने संपवावेत.

एखादा शब्द सतत चुकत असेल तर पाठांतर वाढवून उपयोग नाही, बहुधा तो दुसऱ्या शब्दात मिसळलेला असतो. इंजीनिअस म्हणजे कल्पक, इंजेन्युअस म्हणजे भाबडा. दोन्ही एकाच कार्डावर समोरासमोर लिहा, प्रत्येकाचं एक वाक्य द्या आणि जुनी दोन्ही कार्डं काढून टाका.