निवडून द्यायचे तरी कोणाकोणाला?

नोव्हेंबर २०१६ मध्ये साऱ्या जगाचे लक्ष अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीकडे लागले होते. त्याच मतपत्रिकेवर, बऱ्याच खाली, शिकागो आणि आसपासची उपनगरे मिळून बनलेल्या कुक काउंटीच्या मतदारांसाठी आणखी एक प्रश्न छापलेला होता. जमीनजुमल्याच्या दस्तांची नोंदणी करणारे ‘रेकॉर्डर ऑफ डीड्स’ हे लोकनियुक्त पद रद्द करून त्याचे काम काउंटी क्लर्ककडे (हा कारकून नव्हे, तर निवडणुका आणि जन्म-विवाहाच्या नोंदी सांभाळणारा लोकनियुक्त अधिकारी) सोपवावे काय, असा तो प्रश्न होता. बहुसंख्य मतदारांनी होकार दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये ते पद संपले. त्या वेळी मी येथील अगदी नवा मतदार होतो. एखादे सरकारी पद असावे की नसावे हे थेट नागरिकांना विचारले जाते याचेच मला अप्रूप वाटले होते. त्या पदासाठी आजवर निवडणूक होत होती, हे कळल्यावर तर अधिकच.

आपल्याकडे जिल्ह्याच्या कारभाराचा मुख्य माणूस जिल्हाधिकारी असतो. त्याच्यासह तहसीलदार, तलाठी, दुय्यम निबंधक हे सगळे नेमलेले असतात आणि त्यांची बदली झाली तर ती वर्तमानपत्रातूनच आपल्याला कळते. येथे काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मात्र तिचा कारभार एका अधिकाऱ्याच्या हाती नसून स्वतंत्रपणे निवडून आलेल्या अनेकांमध्ये वाटलेला असतो. कुक काउंटीत मंडळाचा अध्यक्ष आणि १७ आयुक्त तर निवडून येतातच. त्याशिवाय पोलीस आणि तुरुंग सांभाळणारा शेरीफ, सरकारी वकील, खजिनदार, क्लर्क, मालमत्तेचे मूल्यांकन करणारा असेसर, त्या मूल्यांकनावरची अपिले ऐकणाऱ्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूचे तीन सदस्य आणि न्यायालयाचे कागदपत्र सांभाळणारा सर्किट कोर्टाचा क्लर्क हेही निवडून येतात. सांडपाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या जिल्हास्तरीय संस्थेचे नऊ आयुक्तसुद्धा मतपत्रिकेवर असतात. त्याखाली न्यायाधीशांची लांबलचक यादी असते आणि पदावर कायम राहण्यासाठी त्या प्रत्येकाला ६० टक्के मते मिळवावी लागतात. इतक्या नावांपैकी चार-पाचांविषयी तरी काही ठाऊक असणारा मतदार मला अद्याप भेटलेला नाही, आणि यात मी स्वतःलाही धरतो.

या पद्धतीचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. वरून नेमलेले अधिकारी गावच्या बड्या घराण्यांचे असतात, तेव्हा प्रत्येक खुर्ची मतदारांच्या हाती द्यावी, असा विचार राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळापासून येथे रुजत गेला. त्या काळी तो योग्यही असावा. शिकागो ज्यात येते त्या इलिनॉय राज्यात मात्र त्याची इतकी भरभराट झाली की काउंटी, टाउनशिप (काउंटीचे लहान उपविभाग), शाळा, ग्रंथालये, उद्याने आणि अग्निशमन यांच्या मिळून जवळपास ७,००० स्थानिक शासनसंस्था आज या एका राज्यात आहेत; देशातील दुसऱ्या कोणत्याही राज्यात इतक्या नाहीत. १९७० च्या राज्यघटनेने यावर एक उपायही देऊन ठेवला आहे. काउंटीतील कोणतेही पद काउंटीभरच्या सार्वमताने निर्माण करता येते किंवा रद्द करता येते.

रेकॉर्डरचे काम पाहिले तर ते आपल्या दुय्यम निबंधकाहूनही साधे आहे. दस्त आला, शुल्क भरले गेले, ठरावीक नमुना पाळलेला असला की त्याला क्रमांक देऊन तो नोंदवून घ्यायचा. कोणाचा दस्त घ्यावा आणि कोणाचा घेऊ नये यात स्वतःच्या मर्जीला वाव जवळजवळ नाही. या कामाचे महत्त्व मोठे आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. १८७१ च्या प्रचंड आगीत शिकागोतील जमिनीच्या सरकारी नोंदी जळून गेल्या आणि खासगी कंपन्यांनी वाचवलेल्या सारांशवह्यांच्या आधारे लोकांना आपली मालकी सिद्ध करावी लागली. पण काम महत्त्वाचे आहे म्हणून ते करणाऱ्याला मत मागत फिरायला लावले पाहिजे, असे काही नाही.

माझ्याकडे घराचे दोन नोंदलेले कागद आहेत. २०१४ च्या खरेदीखताच्या वरच्या कोपऱ्यात दस्ताचा क्रमांक, शुल्क, तारीख, पृष्ठसंख्या आणि ‘कॅरन यारब्रो, रेकॉर्डर ऑफ डीड्स’ असे छापलेले आहे. २०२१ मध्ये व्याजदर उतरल्यावर कर्ज बदलून घेतले, त्या गहाणखताच्या त्याच कोपऱ्यात तसाच मजकूर आहे, नावही कॅरन यारब्रो हेच आहे. बदललेले आहे ते फक्त हुद्द्याचे नाव, कारण आता त्या काउंटी क्लर्क होत्या. गंमत अशी की २०१६ मध्ये या विलीनीकरणाला विरोध करणाऱ्यांत त्याच होत्या. यातून पैसा वाचणार नाही आणि मालमत्तेच्या फसवणुकीविरुद्ध त्यांच्या कार्यालयाने उभारलेले काम मागे पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २०१८ मध्ये त्या क्लर्क म्हणून निवडून आल्या आणि ज्याला विरोध केला ते विलीनीकरण तडीस नेण्याची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात पडली. एप्रिल २०२४ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. शेजारच्या मॅकहेन्री काउंटीत याच्या अगदी उलट घडले. तेथे जो टिरिओ यांनी रेकॉर्डरचे पद रद्द करण्याचे आश्वासन देऊनच त्या पदाची निवडणूक जिंकली आणि नंतर ते खरोखरच रद्द करवले.

विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले तरी विरोधकांचा एक मुद्दा मला आजही खोडून काढता आलेला नाही. अशी लहान पदे ही राजकारणाची पहिली पायरी असते, आणि ज्यांना मोठ्या पदांची दारे बंद होती त्यांना ही पायरी उपयोगी पडली. १९८८ मध्ये कुक काउंटीच्या रेकॉर्डर म्हणून निवडून आलेल्या कॅरल मोझली ब्रॉन चारच वर्षांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेल्या. सिनेटवर पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत. त्यांच्यानंतर रेकॉर्डर झालेले जेसी व्हाइट पुढे दीर्घकाळ राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे वाहन परवाने आणि राज्याची दप्तरे सांभाळणारे लोकनियुक्त अधिकारी, होते. नेमणुकीच्या व्यवस्थेत या दोघांना कोणी विचारले असते का, याविषयी मला शंका आहे.

दुसरीकडे याच पायरीवर खोगीरभरतीही भरपूर झाली. पक्षाच्या कार्यकर्त्यांना वशिल्याने सरकारी नोकऱ्या देण्याच्या प्रथेविरुद्ध १९६९ मध्ये मायकेल शॅकमन या वकिलाने खटला भरला आणि त्यातून निघालेल्या आदेशांमुळे रेकॉर्डर आणि क्लर्क या दोन्ही कार्यालयांच्या नोकरभरतीवर संघीय न्यायालयाची देखरेख बसली. म्हणजे वशिल्याचा रोग दोन्ही घरांत होता, आणि घरे एक केल्याने तो आपोआप बरा होणार नव्हता. एकाच जागी लक्ष ठेवणे सोपे जाते, एवढाच काय तो फायदा.

काही पदांबाबत मात्र माझ्या मनात जराही संदेह नाही. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कोरोनर कुक काउंटीत १९७६ पर्यंत निवडून यायचा. ते पद रद्द करून त्याच्या जागी मेडिकल एग्झामिनर म्हणून नेमलेला वैद्यकीय तज्ज्ञ आणला गेला. सहाच वर्षांनी, १९८२ च्या शरद ऋतूत, शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतलेले सात जण एकामागून एक मरण पावले, तेव्हा बाटल्यांना येणारा कडू बदामाचा वास याच कार्यालयाच्या माणसाच्या लक्षात आला आणि तपासणीत सायनाइड निष्पन्न झाले. मृत्यूचे कारण बहुमताने ठरत नाही, तर ते शोधणारा माणूस बहुमताने का ठरावा? तरीही इलिनॉयच्या पुष्कळ काउंट्यांत कोरोनर आजही निवडून येतो, आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे अशी अटही नाही.

असेसरविषयी मात्र मी नेमके उलट म्हणेन. घराची किंमत ठरवणे हे वरवर पाहता तांत्रिक काम आहे, पण घरपट्टीचा भार कोणाच्या खांद्यावर किती पडणार हे तेथेच ठरते. कुक काउंटीच्या मूल्यांकनात गरिबांच्या घरांवर तुलनेने जास्त आणि श्रीमंतांच्या घरांवर कमी भार टाकला जात असल्याचे २०१७ मध्ये वृत्तपत्रीय शोधातून उघड झाले, आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी पक्षांतर्गत निवडणुकीत असेसर जोसेफ बेरिओस यांना घरी बसवून फ्रिट्झ केगी यांना आणले. नेमलेला अधिकारी असता तर फार तर एक चौकशी समिती बसली असती. यालाही दुसरी बाजू आहेच. असेसर किंमत ठरवतो, बोर्ड ऑफ रिव्ह्यू अपिले ऐकते, राज्य सगळ्या काउंट्यांचे मूल्यांकन एका पातळीवर आणण्यासाठी आपला गुणक लावते, क्लर्क दर काढतो आणि खजिनदार बिल पाठवतो. २०२२ मध्ये घरपट्टीच्या एरवी ऑगस्टमध्ये भरायच्या दुसऱ्या हप्त्याची मुदत ३० डिसेंबरवर गेली, तेव्हा दोष कोणाचा यावर निवडून आलेल्या या मंडळींत जाहीर टोलवाटोलवी रंगली. तरीही मूल्यांकन करणारा आणि अपील ऐकणारा एकच असावा, असे मी म्हणणार नाही. बिल उशिरा आले तर चालेल, पण दाद मागायला दुसरे दार असले पाहिजे.

आपल्याकडेही थेट निवडणुकीचा हा घोळ मिटलेला नाही. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असे महाराष्ट्रात २०१७ मध्ये ठरले, २०२० मध्ये ते रद्द झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाले. या तिन्ही वेळी निर्णय मुंबईत झाला आणि गावकऱ्यांना कोणी काही विचारले नाही. कुक काउंटीत पद ठेवायचे की नाही हे मतदारांनी ठरवले, एवढा फरक मला मोठा वाटतो.

आता माझ्या मते पाळी टाउनशिपची आहे. काउंटी आणि शहर यांच्या मधला हा थर मोठ्या रस्त्यांआधीच्या काळातला आहे. एव्हान्स्टन शहराने, जेथे शहर आणि टाउनशिप यांच्या सीमा एकच होत्या, २०१४ मध्ये सार्वमत घेऊन आपली टाउनशिप विसर्जित केली. कुक काउंटीतील इतर टाउनशिपमध्ये अजूनही एक असेसर निवडून येतो, मात्र घराची किंमत ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो; तो काउंटीच्या हाती आहे. टाउनशिपचा असेसर लोकांना सवलतीचे आणि अपिलाचे अर्ज भरायला मदत करतो. ही मदत निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या सवलतीचा अर्ज घेऊन तेथे जाणारे वृद्ध मी पाहिले आहेत. खिडकीपलीकडची बाई चष्मा वर सरकवून एकेक रकाना त्यांना समजावून सांगत होती, आणि हे काम संगणकाच्या पडद्यावर होण्यासारखे नाही. ती बाई तेथे राहिलीच पाहिजे. तिच्या वरच्या साहेबाला दर चार वर्षांनी निवडून का द्यायचे, हे मात्र मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.