आमची वाटचाल: आभासी प्रसूतिकक्ष आणि त्यासाठी मिळवलेले अनुदान

नाशिकमधील आमची छोटी कंपनी परिचर्या आणि वैद्यकीय शिक्षणासाठी व्हर्च्युअल रिअॅलिटीवर आधारित सिम्युलेशन, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून सराव करण्याचे आभासी प्रसंग, तयार करते. आमचा पहिला आणि आजही सर्वाधिक वापरला जाणारा पाठ प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा आहे. विद्यार्थिनीच्या प्रशिक्षणकाळात, नेमका तिच्या कामाच्या पाळीत, असा प्रसंग येईलच याची शाश्वती नसते. आलाच, तर अनुभवी परिचारिका आणि डॉक्टर पुढे होतात व विद्यार्थिनी मागे थांबते, आणि रुग्णाच्या दृष्टीने तेच योग्य असते. पुढे एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला मात्र तीच सर्वांत जवळ उभी असते. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत गर्भाशय आकुंचित करणाऱ्या ऑक्सिटोसिनची १० युनिट्स स्नायूत देणे, गर्भाशय घट्ट झाले आहे का हे पाहणे, ते सैल असेल तर मसाज सुरू करून त्याच वेळी मदत बोलावणे, आणि रक्तस्राव सुरूच राहिला तर प्रसूतीपासून तीन तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव रोखणारे औषध देणे हा क्रम तिला तोंडपाठ असतो. तो घाईगर्दीत, नातेवाइकांच्या रडण्याच्या आवाजात आठवून अमलात आणण्याचा सराव मात्र तिला मिळालेला नसतो. हा सराव मिळवून देण्यासाठी आम्ही हे काम हाती घेतले.

काळ अनुकूल होता. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने कौशल्य प्रयोगशाळेला महत्त्व दिले, आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशनला अधिकृत स्थान मिळाले. तरीही महाविद्यालयांकडे यासाठी वेगळा पैसा नव्हता. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, त्यामुळे नव्या उपकरणांचा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून सहज वसूल करता येत नाही. विकत घेणारा तयार नसताना उत्पादन सिद्ध करायचे, तर अनुदानाशिवाय मार्ग नव्हता.

आम्ही प्रथम केंद्र सरकारच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेकडे वळलो. संकल्पनेची सिद्धता, प्रोटोटाइप आणि चाचण्या यांसाठी या योजनेत २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ते मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, ठरलेले टप्पे पूर्ण होतील तसे हप्त्याहप्त्याने दिले जाते. अर्जाच्या वेळी कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, ही अट नव्या उद्योजकांनी आधीच लक्षात ठेवावी. कारण चांगले उत्पादन घडेपर्यंत ही मुदत बघता बघता संपते. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट रकमेने मोठे आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत. पुण्याच्या व्हेंचर सेंटरसारख्या भागीदार संस्थांमार्फत त्याचे मार्गदर्शन मिळते. मात्र तेथे वैज्ञानिक नावीन्याची कसोटी कडक असते, आणि शैक्षणिक सॉफ्टवेअरला त्या कसोटीवर उतरावे लागते.

आमची खरी अडचण प्रस्तावाच्या वर्गवारीत होती. आरोग्य क्षेत्रातील परीक्षकांना तो शिक्षणाचा वाटे, तर माहिती तंत्रज्ञानाच्या परीक्षकांना तो आरोग्याचा. एका समितीने तर विचारले की हाच पैसा मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचा मानवी पुतळा, घेण्यासाठी का वापरू नये. प्रश्न रास्त होता आणि त्याच्या उत्तरातूनच आमचा प्रस्ताव घडला. हेडसेटमध्ये सैल गर्भाशयाचा स्पर्श जाणवत नाही, मसाजसाठी किती जोर लावायचा हे हाताला कळत नाही. ते मॅनिकिनवरच शिकावे लागते. याउलट मॅनिकिनभोवती एका वेळी मोजक्याच विद्यार्थिनी उभ्या राहू शकतात, आणि प्रत्येकीला एकटीने निर्णय घेण्याची वेळ क्वचितच येते. म्हणून आम्ही प्रस्तावात मॅनिकिनला पर्याय सुचवला नाही. हाताचे कौशल्य मॅनिकिनवर आणि निर्णयांचा क्रम हेडसेटमध्ये, अशी विभागणी आम्ही केली आणि प्रत्येक भागाचे मोजमाप कसे होईल ते लिहिले: पहिल्या औषधापर्यंत लागलेला वेळ, गाळलेल्या पायऱ्या, मदत केव्हा मागितली, आणि काही आठवड्यांनी पुन्हा घेतलेल्या प्रात्यक्षिक परीक्षेत त्यातले काय टिकले. हे निकष प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापिकांनी ठरवले. माझ्या मते त्यांचे नाव प्रस्तावात सहअन्वेषक म्हणून असणे ही निव्वळ औपचारिकता नव्हे. त्यांच्याशिवाय तो प्रस्ताव पोकळच राहिला असता. विद्यार्थिनींवर अभ्यास करायचा म्हणून महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीची परवानगी घेतली आणि सहभाग ऐच्छिक ठेवला. शिकवणाऱ्यानेच सहभाग मागितला की विद्यार्थिनीला नकार देणे अवघड जाते, म्हणून संमती घेण्याचे काम परीक्षा न घेणाऱ्या व्यक्तीकडे दिले.

त्यानंतर एका इन्क्युबेटरने सीड फंडाचे अनुदान मंजूर केले. त्यातून पाठ तयार झाला, मराठी संवाद ध्वनिमुद्रित झाले आणि चाचणी पार पडली. परंतु महाविद्यालयांत हेडसेट पोहोचवण्याचा प्रश्न उरलाच, कारण चाचणीसाठीचे अनुदान कायमस्वरूपी सुविधा उभारण्यासाठी वापरता येत नाही. येथे सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, उपयोगी पडला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आमच्यासारखी खासगी मर्यादित कंपनी मात्र अशा प्रकल्पाची अंमलबजावणी संस्था होऊ शकत नाही. त्यासाठी सीएसआर-१ अर्जाद्वारे नोंदणी केलेला न्यास किंवा संस्था लागते. त्यामुळे परिचर्या महाविद्यालय चालवणारा न्यास अर्जदार झाला, हेडसेट त्याच्या मालकीचे झाले आणि आम्ही केवळ पुरवठादार राहिलो. ही रचना आम्हांला मनापासून पटते, कारण आमची कंपनी असो वा नसो, साधने विद्यार्थिनींजवळ राहतात.

हिशेबाबाबत एवढेच सांगतो की अनुदानासाठी बँकेत स्वतंत्र खाते ठेवावे आणि पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रासाठी सनदी लेखापालांना पहिल्या हप्त्यापासूनच सोबत घ्यावे.

देखभालीच्या खर्चाला मात्र अजून कोणतेही अनुदान पुरे पडत नाही. बॅटरी उतरतात, चेहऱ्याला लागणारे फोम झिजतात, सॉफ्टवेअर अद्ययावत करावे लागते आणि पाठ चालवून नंतर चर्चा घेणाऱ्या अध्यापिकेचा वेळही लागतो. म्हणून आता प्रत्येक नव्या प्रस्तावात आम्ही अध्यापिकांचे प्रशिक्षण आणि तीन वर्षांची देखभाल ही स्वतंत्र खर्चशीर्षे ठेवतो, ती कापली जाण्याची शक्यता असली तरीही. नवजात बाळाला श्वास देण्याचा पाठ सध्या तयार होत आहे आणि त्याच्या प्रस्तावात मुख्य अर्जदार महाविद्यालय आहे, आम्ही तांत्रिक भागीदार आहोत.