किती वर्षं तेच डायलॉग मारणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑफिसातले मित्रमैत्रिणी विचारतात, भाचरं विचारतात, नवरा तर कायमच विचारतो, की 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा सिनेमा, तुम्हा भावंडांना अजून त्याच त्याच डायलॉगवर हसू येतंच कसं?

येतं. मनापासून येतं. आणि माझ्या मते त्याचं मोठं श्रेय वसंत सबनीसांचं, कारण लेखन त्यांचं. 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिणारा माणूस, त्यामुळे बोलता बोलता वाक्य कसं पडतं याचा कान एकदम पक्का. नीट बघा ना, 'धनंजय माने इथेच राहतात का?' यात विनोद आहे कुठे? दारात उभं राहून कुणीही विचारेल असं साधं वाक्य. म्हणूनच ते कुठेही चालतं, कुणाची वास्तुशांत असो, कुणी महिन्यांनी ग्रुपवर उगवलेलं असो, नाहीतर चुकीच्या फ्लॅटची बेल वाजवलेली असो. 'सत्तर रुपये वारले' तर उधारी बुडालेल्या प्रत्येकाचं आहे. ओढूनताणून लिहिलेला पंच त्याच्या सीनमध्येच हसवतो, बाहेर आणला की पडतो.

शिवाय हा विनोद एकट्याने होतच नाही. अर्धं आपण टाकायचं, उरलेलं समोरच्याने. माझा भाऊ कॅनडात असतो, वेळा जुळत नाहीत, आईची तब्येत विचारून झाली की पुढे काय बोलायचं तेच कळत नाही कधी कधी, आणि मग अचानक त्याचा मेसेज येतो 'लिंबू कलर', बास, की पुढचा अर्धा तास आम्ही लहानपणीसारखे भांडत हसत असतो. मला त्या अर्ध्या तासाची फार किंमत आहे.

यातल्या नटांपैकी २००४ मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले, सिद्धार्थ रे पण त्याच वर्षी, पुढच्या वर्षी सुधीर जोशी. २०२५ मध्ये धनंजय माने झालेल्या अशोक सराफांना पद्मश्री जाहीर झालं तेव्हा आमच्या ग्रुपवर अभिनंदन कुणी लिहिलंच नाही, सगळ्यांनी मानेंचा पत्ता विचारला. यापेक्षा प्रेमाने कसं लिहायचं सांगा.

एक मात्र मला अजिबात चालत नाही. 'हा माझा बायको' म्हणत एखाद्या मुलाच्या चालण्याबोलण्याची टर उडवणं. सिनेमातल्या पार्वतीवर, म्हणजे भाड्याचं घर मिळावं म्हणून बाई बनलेल्या लक्ष्मीकांतवर, आपण जीव लावला, तिचं नाव घेऊन कुणाला रडवायचं नाही, तिथे मी सरळ थांबवते.

आणि अमराठी माणसांना कळत नाही असंही नाही हं. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची, आणि भाड्याचं घर न मिळणं सगळीकडे सारखंच. माझ्या एका मैत्रिणीला मालकाने महिन्याची मुदत देऊन खोलीतून काढलं होतं, तेव्हा तिला शेजारी बसवून, मध्ये मध्ये अर्थ सांगत दाखवला. सिनेमातले घरमालक सरपोतदार पडद्यावर आले तशी ती उठून बसली, म्हणाली हा तर आमचाच घरमालक!