काटापट्टीचे रकाने

दारव्ह्याकडच्या एका जिनिंगच्या काट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पट्टीच्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे रकाने एकत्र बांधणाऱ्या टाइपमध्ये, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव. मालकानं ‘कटती’चा (वजावटीचा) रकाना वाढवला की छपाई, साठवण, तपासणी, तिन्हीकडे हात घाला. वैताग नुसता!

जून २०२५ मध्ये सी प्लस प्लस २६ च्या, म्हणजे या प्रोग्रामिंग भाषेच्या नव्या आवृत्तीच्या, मसुद्यात रिफ्लेक्शन आलं: प्रोग्रामला स्वतःचीच रचना पाहण्याची सोय. टाइपच्या नावाआधी ^^ लावलं की कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) त्याची माहिती व्हॅल्यू म्हणून हाती देतो. त्यातून रकान्यांची यादी काढायची, ‘टेम्प्लेट फॉर’ या लूपनं एकेका रकान्यावरून फिरायचं, नाव नि टाइप पाहून छपाईचा कोड तिथंच तयार. सगळं कंपाइल होतानाच. प्रोग्राम चालताना काट्यावरच्या जुन्या पीसीला शोधाशोध नाही. लिस्प या जुन्या भाषेचे लोक हसतील म्हणा, लिस्पच्या जनकाच्या, मॅकार्थीच्या १९६० च्या पेपरापासून त्यांचा प्रोग्रामच लिस्ट, म्हणजे सगळाच वाचता-बदलता येणारा! सी प्लस प्लसच्या रिफ्लेक्शनला फंक्शनच्या पोटातला कोड दिसत नाही, म्हणून कटतीचा हिशेब अजून हातानंच लिहितो.