मुळाशी लागलेली कीड

कापसाची वेचणी ऐन भरात असली की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात दातांच्या ओपीडीला गर्दी कमी असते. मजुरी बुडवून येणारा माणूस दुखणे अगदी असह्य झाल्यावरच येतो आणि बहुधा एकच मागणी घेऊन येतो, ती म्हणजे दात काढून टाकण्याची. त्या दिवशी आलेल्या सत्तरीच्या आजींची मागणीही तीच होती, फक्त ती एका दातापुरती नव्हती. "मायचे सारेच दात काढून टाका मॅडम," मुलगा म्हणाला, "घरी नातीचं लगन हाये, त्याच्या आत कवळी बसली पाह्यजे." आजींनीही मान डोलावली. थंड पाणी लागत होते, भाकरी चावता येत नव्हती आणि डाव्या बाजूने तर घासही नेता येत नव्हता.

तोंड उघडल्यावर पहिल्यांदा नजरेत भरले ते हे, की दातांचा वरचा भाग जवळजवळ शाबूत होता. इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या भागावरच्या कठीण आवरणावर, तपकिरी पट्टे होते. आमच्या जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि लहानपणी ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर अशा खुणा कायमच्या राहतात. कीड होती ती खाली, हिरड्या मागे सरकून उघड्या पडलेल्या मुळांवर. डाव्या बाजूच्या खालच्या सुळ्यापासून दुसऱ्या मोठ्या दाढेपर्यंत हिरडीलगत पिवळट तपकिरी चर पडला होता. उजव्या बाजूला मात्र त्याच मुळांवर किरकोळ डागांपलीकडे काही नव्हते. एकाच तोंडात, एकाच वयाच्या मुळांमध्ये इतका फरक का, हा प्रश्न तेव्हाच मनात आला.

दाताचे मूळ वरच्या भागापेक्षा कितीतरी नाजूक असते. इनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, तर मूळ ज्या डेंटीनचे बनलेले असते त्यात ते ७० टक्क्यांच्या आसपास असते. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा आणि पाण्याचा. डेंटीनवर सिमेंटमचा जो थर असतो तो हिरडीजवळ इतका पातळ असतो, की वर्षानुवर्षे जोरजोरात घासल्याने आणि खरखरीत मंजनाने तो सहज निघून जातो. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, पण ते आम्ल इनॅमलला जिथे इजा करू लागते त्याच्या आधीच मुळातले खनिज विरघळू लागते. आम्लता पीएचमध्ये मोजतात; पीएच जितका कमी, तितकी आम्लता जास्त. इनॅमलसाठी ही धोक्याची पातळी साधारण ५.५ पीएच मानली जाते, मुळासाठी ती ६.२ ते ६.७ इतकी वर असते. म्हणजे जी आम्लता दाताच्या वरच्या भागाला काही करत नाही, ती मुळाला पोखरू शकते. खनिज गेल्यावर उघडे पडलेले कोलॅजेन पुढे विकरांमुळे तुटते आणि मग मूळ ओल्या चामड्यासारखे मऊ लागते.

मी आरसा गालाला टेकवून बाजूला केला, तेव्हा तो गालाच्या आतल्या त्वचेला चिकटून बसला. तोंड कोरडे असल्याची ही अगदी साधी खूण आहे. जिभेखाली लाळेचे जे तळे साचलेले दिसायला हवे, तेही नव्हते. औषधांविषयी विचारल्यावर मुलाने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. आजींना नागीण झाली होती आणि ती बरी झाल्यावरही बरगडीखालची जळजळ राहिली होती, म्हणून रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलीनची गोळी सुरू होती. अशा दुखण्यावर हे औषध योग्यच आहे, पण त्याने लाळ कमी होते.

लाळ दाताची खरी राखणदार. तिच्यातले बायकार्बोनेट आम्ल शमवते आणि तिच्यातलेच कॅल्शियम व फॉस्फेट गेलेले खनिज थोडे थोडे परत भरून आणते. तीच आटल्यावर मुळांचे काय होणार, हे उघड होते. तरीही एकाच बाजूचे कोडे सुटत नव्हते. मी आजींना विचारले, "तोंड कोरडं पडलं की काय करता?" त्यांनी लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि खडीसाखरेचे खडे माझ्यापुढे धरले. "हे ठेवतो न बाप्पा गालात. घसा वला राह्यते." वेचणी करताना एकामागून एक खडा, रात्री जाग आली की आणखी एक, आणि प्रत्येक वेळी डाव्याच गालात. गोड खाल्ल्यावर दातावरची आम्लता निवायला निरोगी तोंडातही अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. इथे लाळ नव्हती आणि पहिला खडा विरघळण्याच्या आत दुसरा येत होता. त्या मुळांना सावरायला दिवसाकाठी जणू वेळच मिळत नव्हता.

एका उपदाढेच्या मुळाशी पू झाला होता आणि ती हलत होती. ती काढावी लागणारच होती. बाकीचे दात काढायला मी नकार दिला. मुलाला ते पटेना. खेड्यात दात काढणे हाच सरळ उपाय समजला जातो, आणि त्यात लोकांचा दोष नाही, कारण दुसरा उपाय जवळपास मिळतच नाही. पण कोरड्या तोंडात कवळीही नीट बसत नाही. ती धरून ठेवायला लाळेचा पातळ थर लागतो, नाहीतर ती हिरड्यांना घासून फोड आणते. हे समजावल्यावर मुलगा तयार झाला.

खुर्चीवर काम सुरू केले आणि लाईन गेली. पण या कामाला ड्रिल लागणारच नव्हते. हाताच्या अवजारांनी कीड काढून दात भरण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात टांझानियात, जिथे वीज नव्हती अशा ठिकाणांसाठी विकसित झाली, आणि आमच्याकडे तिचा उपयोग रोजचा आहे. एक्सकॅव्हेटर नावाच्या चमच्यासारख्या छोट्या अवजाराने मी कडांवरचा अगदी मऊ, ओलसर लगदा काढला. खरे कौशल्य थांबण्यात असते. वरच्या थरातले कोलॅजेन मोडलेले असते, ते परत सावरत नाही. त्याखालच्या थराने खनिज गमावलेले असले तरी त्याचा सांगाडा जागेवर असतो आणि त्यात खनिज पुन्हा बसू शकते. अवजाराखाली तो चिवट लागतो, पापुद्रे सुटतात, पण लगदा येत नाही. तिथे मी हात थांबवला.

भरण्यासाठी ग्लास आयोनोमर सिमेंट वापरले. लंडनच्या सरकारी रसायनशाळेत विल्सन आणि केंट यांनी ते तयार केले आणि १९७२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. मुळांसाठी त्याहून सोयीचे द्रव्य माझ्या हाताशी नाही. त्यातले आम्ल दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करते, आणि बसल्यावरही त्यातून फ्लोराइड झिरपत राहते. पावडर आणि द्रव पॅडवर कालवताना मिश्रणावरची चकाकी जायच्या आत ते दातावर गेले पाहिजे, नाहीतर ते चिकटत नाही. कापसाच्या गुंडाळ्या गालात ठेवल्या, सौम्य आम्लाने मूळ पुसले, सिमेंट बोटाने दाबून बसवले आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवला. उरलेल्या उघड्या मुळांवर फ्लोराइडचे वार्निश लावले.

तेव्हा मुलाने जे विचारले ते मला आजही महत्त्वाचे वाटते. "गावच्या पान्यातल्या फ्लोराइडनंच दात खराब होतेत म्हनते, अन् तुमी तेच लावता?" शंका अगदी रास्त होती. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलीग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावे, असे भारतीय मानक सांगते, आणि त्याहून जास्त ते वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडांनाही इजा होते. दातांवरचे पट्टे मात्र दात तयार होत असतानाच्या वयातच उमटतात. पूर्ण वाढलेल्या दातावर बाहेरून लावलेले किंवा थुंकून टाकायचे फ्लोराइड पोटात फारसे जात नाही, आणि दातात पुन्हा बसणाऱ्या खनिजाला आम्लापुढे अधिक टिकाऊ बनवते. हे मी त्याला सावकाश सांगितले. फ्लोराइडची पेस्ट सकाळ-संध्याकाळ, नंतर चूळ न भरता फक्त थुंकणे, खडीसाखर पूर्ण बंद, आणि गळा ओला ठेवायला पाण्याचा घोट, एवढे ठरले. गोळीबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोलले. जळजळ बरीच कमी झालेली असल्याने त्यांनी मात्रा हळूहळू कमी केली.

दर तीन महिन्यांनी वार्निश लावायला आजी येत राहिल्या. काही मुळांवरचे न भरलेले डाग काळपट आणि चकचकीत झाले आहेत आणि प्रोब, म्हणजे दात तपासायचे बारीक अवजार, हलकेच फिरवला तर घसरतो, म्हणजे तिथली कीड थांबली आहे. मोठ्या दाढेचे एक सिमेंट कडेने झिजले होते, ते मी पुन्हा भरले. गेल्या खेपेला वरच्या सुळ्याच्या मुळावर हिरडीलगत नवी मऊ कड सापडली; ती साफ करून तिथेही सिमेंट भरले, आणि आजींना यावेळी तीन महिने न थांबता महिन्याभरातच यायला सांगितले आहे.