ताठ उभी राहा, असं बाई कधीच म्हणाल्या नाहीत

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९९४)

संस्कार, शिस्त, वाचनाची गोडी याबद्दल या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी पाठीच्या कण्याबद्दल लिहिणार आहे. फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे दिवसभर माणसांच्या पाठी बघते आणि त्यातल्या बऱ्याच पाठी बघताना मला आपल्या शाळेचं मैदान आणि पीटीच्या बाई आठवतात.

सहावीच्या सुट्टीनंतर माझी उंची जी वाढायला लागली ती आठवी संपेपर्यंत थांबली नाही. प्रार्थनेला उंचीनुसार रांग लागायची. मी शेवटची, आणि वर्गातल्या सगळ्या मुलग्यांपेक्षाही उंच. मुलं ‘शिडी’ म्हणायची. घरी आजी म्हणायची, “अगो, एवढी वाढलीस, आता हिच्यासाठी नवरा कुठनं शोधायचा?” ती हसत म्हणायची, पण मला हसू यायचं नाही. त्यात अंगात होणारे बदल, ज्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुली दप्तर पाठीला न लावता छातीशी कवटाळून चालायच्या. दप्तराला दोन चांगले पट्टे असायचे, ते नुसते लोंबकळत. मुलींच्या पाठीला पोक का येतो, हे शोधायला एक्स-रे लागत नाही.

“पोक काढून बसू नकोस” हे वाक्य मी घरीदारी इतकं ऐकलं होतं की त्याचा आवाजच येईनासा झाला होता. कुणी म्हणालं की ताठ व्हायचं, पाठीत धपाटा बसला तर जरा जास्त वेळ. मग सगळं जिथल्या तिथे.

पीटीच्या बाई आल्या त्या वर्षी मी आठवीत होते. कॉटनची साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आमच्या तुकडीला नाव सांगायची गरज नाही. शनिवारी सकाळची शाळा असायची, उन्हं तिरपी. प्रार्थना झाली की बाई आम्हाला सूर्याकडे पाठ करून उभं करत. ‘सावधान’ नाही, ‘विश्राम’ नाही. “डोळे मिटा. वजन कुठंय ते सांगा. टाचेवर का चवड्यावर? डाव्या पायावर जास्त का उजव्या?” पहिले काही शनिवार आम्ही नुसत्या खिदळलो. बाई रागावल्या नाहीत, उत्तराची वाट बघत राहिल्या. मग म्हणायच्या, “आता हळूच पुढे झुका, मागे झुका, मध्ये कुठं हलकं वाटतंय बघा.” त्यानंतर अर्धं वळायचं, डोळे उघडायचे आणि मान न हलवता कडेने आपली सावली बघायची. मला वाटायचं मी अगदी सरळ आहे. सावलीत पोट पुढे, मान त्याच्याही पुढे.

मी उभी आहे असं मला वाटतं ते आणि मी खरोखर उभी आहे ते, या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला तेव्हा कळलं. पुढे कॉलेजात याचं शास्त्र शिकले. स्नायूंच्या आणि सांध्यांच्या आत संवेदक असतात. कुठला सांधा किती वाकलाय, स्नायूवर किती ताण आहे, ही खबर ते मेंदूला सतत देत असतात. म्हणून तर अंधारातही आपला हात नाकापर्यंत बरोबर जातो. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असं नाव दिलं. गंमत अशी की वर्षानुवर्षं वाकून राहिलं की मेंदूला तेच सरळ वाटू लागतं. अशा माणसाला सरळ उभं केलं तर तो म्हणतो, “मी मागे पडतोय.” माझ्याकडे येणारे पेशंट अगदी याच शब्दांत सांगतात.

बाईंचं दुसरं वेड म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांब पुन्हा रुजवणाऱ्या बाळंभटदादा देवधरांची गोष्ट त्या इतक्या रंगवून सांगत की ते आदल्या दिवशी आपल्या मैदानावर येऊन गेलेत असं वाटावं. मुलांना एरंडेल लावलेला लाकडी खांब, आम्हा मुलींना सुती दोर. व्यायामशाळेच्या तुळईला कडी होती, तिला तो बांधलेला असे. दोरावर चढताना पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर धरायचा असतो. उलटं झाल्यावर आपले पाय आपल्याला दिसत नाहीत. ते कुठे आहेत हे आतूनच कळावं लागतं, नाहीतर पकड सुटते. तिथे “लोक काय म्हणतील” याला जागाच नसते. आणि लांब पाय, ज्यांची मला लाज वाटायची, त्यांची अढी, म्हणजे पायांची पकड, दोरावर काय छान बसायची! बाईंनी कौतुक केलं नाही. फक्त धाकट्या मुलींना म्हणाल्या, “हिचे पाय बघा आणि तसं करा.” धाकट्या मुली रांगेत उभ्या राहून माझे पाय बघत होत्या.

नववीत वक्तृत्व स्पर्धेला माझं नाव बाईंनीच दिलं. मराठीच्या सरांनी भाषण लिहून दिलं, पाठही झालं, पण स्टेजवर उभं राहिलं की आवाज घशात अडकायचा. बाईंनी एका शब्दालाही हात लावला नाही. म्हणाल्या, “पहिलं वाक्य म्हणायच्या आधी तळपाय जमिनीला कुठं कुठं टेकलेत ते बघ. मान मोकळी आहे का बघ. श्वास आपोआप येईल, ओढून घेऊ नकोस.” मला बक्षीस मिळालं नाही. पण भाषण शेवटपर्यंत झालं आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

पुढे फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर या माणसाची हकिगत वाचली तेव्हा मी चकितच झाले. १८६९ साली टास्मानियात जन्मलेला हा कलाकार रंगमंचावर उतारे म्हणून दाखवायचा आणि प्रयोगात त्याचा आवाज बसायचा. डॉक्टरांना घशात दोष सापडेना. मग त्याने आरसे लावून स्वतःला निरखलं. बोलायला सुरुवात करताच तो मान आवळत होता, डोकं मागे खेचत होता, श्वास तोंडाने ओढत होता. आणि डोकं पुढे-वर नेतोय असं वाटत असतानाही आरशात उलटंच दिसत होतं. त्याला आरसे लागले, आम्हाला शनिवारचं ऊन पुरलं. बाईंनी त्याचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट धंद्यातली म्हणून सांगते. “छाती काढा, खांदे मागे” हा सल्ला पालक फार प्रेमाने देतात. त्याने कंबरेची कमान वाढते, श्वास अडतो आणि मूल मिनिटाभरात दमून पुन्हा ढेपाळतं. डोक्याचं वजनच साडेचार-पाच किलो असतं. ते मानेवर तोललेलं असलं की फारसे कष्ट पडत नाहीत, पुढे लोंबलं की मागच्या स्नायूंना दिवसभर राबावं लागतं. तसंच, एकच एक आदर्श बैठक असते हेही खरं नाही. उत्तम बसणारा माणूससुद्धा तासभर न हलता बसला तर अवघडतोच. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको, असं शाळेच्या दप्तरांविषयीच्या २०२० च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलंय. घरी काटा असेल तर एकदा मोजून बघा.

आत्मविश्वासाचंही तसंच. २०१० साली अमेरिकेत एक अभ्यास गाजला होता: दोन मिनिटं रुबाबदार पवित्र्यात राहा, शरीरातली संप्रेरकं बदलतात. २०१५ मध्ये कितीतरी जास्त माणसांवर तो पुन्हा करून पाहिला, संप्रेरकं बदलली नाहीत. लोकांना स्वतःला जरा दमदार वाटलं, एवढंच टिकलं. मला याचं नवल वाटलं नाही. रुबाब दाखवायचा म्हटलं की आपण बघणाऱ्यांचाच विचार करत राहतो. बाईंनी आमचं लक्ष बघणाऱ्यांवरून काढून तळपायांवर नेलं होतं. भीती गेली नव्हती, पण तिच्याशिवाय दुसरीकडे बघायला जागा मिळाली होती.

महोत्सवानिमित्त नवी इमारत होते आहे, जुनी व्यायामशाळा पाडणार असं कळलं. पाडा, छप्पर गळतंच होतं. फक्त नव्या हॉलच्या तुळईला एक भक्कम कडी बसवायला कंत्राटदाराला आत्ताच सांगा, नंतर ते काम महागात पडतं. मल्लखांबाचा दोर आणि खाली घालायच्या गाद्या माझ्याकडून. शिकवायला प्रशिक्षित मुलगी लागेल, तेवढं शाळेने बघावं. आठवी-नववीच्या मुलींसाठी जून-जुलैत दोन शनिवार मी स्वतः येईन. सकाळच्याच शाळेला येते, ऊन असलं तर बरं.