किलपेक: वळचणीखालची दुनिया

इंग्लंडमधील हेरेफर्ड शहरापासून सुमारे १४ किलोमीटरवर, वेल्सच्या सीमेलगत, किलपेक हे छोटेसे खेडे आहे. तेथील सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांच्या चर्चचे प्रथमदर्शन मात्र निराश करणारे होते. मनोरा नाही, शिखर नाही. पश्चिमेच्या भिंतीवर घंटेपुरती लहानशी चौकट आणि शेजारी जुन्या नॉर्मन किल्ल्याची झाडोऱ्याने झाकलेली टेकडी, एवढेच काय ते दिसते.

ह्यू या नॉर्मन सरदाराने ११४० च्या सुमारास हे चर्च तांबड्या वालुकाश्मात बांधवले. भाविकांचे दालन, त्यापुढे अरुंद चॅन्सेल आणि शेवटी अर्धवर्तुळाकार गाभारा अशी त्याची रचना असून, सभामंडप, अंतराळ आणि गर्भगृह या क्रमाने देऊळ पाहण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

दक्षिण दरवाजापाशी मात्र पाय खिळले. चौकटीवरच्या अर्धवर्तुळात जीवनवृक्ष कोरलेला आहे; खांबांवर वेलींत गुरफटलेले योद्धे आहेत, आणि एकमेकांच्या शेपट्या गिळणारे सर्प. पावसाळी हवेत इतकी शतके उभा असूनही त्यांवरील छिन्नीच्या रेषा अजून धारदार आहेत.

खरी गंमत वळचणीखाली आहे. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी ठोकळ्यांना, म्हणजे कॉर्बेलना, येथे चेहरे दिलेले आहेत, आणि असे ८५ ठोकळे शिल्लक आहेत. मान दुखेपर्यंत मी ते पाहत फिरलो. गळ्यात गळा घातल्यासारखे शेजारी बसलेले कुत्रा आणि ससा पाहून हसू आवरत नाही. कारागिराने शिकारी आणि शिकार यांचा समेटच घडवून आणला आहे! आपली योनी दोन्ही हातांनी उघडून दाखवणारी प्रसिद्ध शीला-ना-गिगही याच रांगेत आहे. तिला पाहून लज्जागौरी आठवते खरी, परंतु साम्य बहुधा तेवढ्यापुरतेच असावे. जॉर्ज लुईस या चित्रकाराने १८४०च्या दशकात तिचे वर्णन छाती चिरलेला विदूषक असे केले होते. त्या काळच्या सभ्यतेला यापेक्षा सोयीचा अर्थ सापडला नसता.

आत, चॅन्सेलच्या कमानीच्या दोन्ही बाजूंना संतांच्या मूर्ती एकावर एक उभ्या आहेत, आणि अभ्यासकांना त्यांच्यात स्पेनमधील सांतियागो तीर्थक्षेत्राच्या शिल्पांची छाया दिसते. मी तेथे फार रेंगाळलो नाही. परतण्यापूर्वी पुन्हा बाहेर येऊन त्या कुत्र्या-सशाखाली उभा राहिलो, तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि दोघेही कोरडे होते.